सोलापूरहून चेन्नईमार्गे अंदमानला स्कुबा डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला दोनदा जाऊन आलो. एकदा मित्रांबरोबर सगळं चुकवून, आणि दुसऱ्यांदा बायको आणि मेव्हण्याला घेऊन जरा शहाणपणानं. तेव्हापासून सात रस्ता चौकात चहा प्यायला थांबलं तरी कोणी ना कोणी तेच तेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. क्रम वगैरे काही नाही, जसं विचारलं गेलं तसं.

सोलापूरवरनं अंदमान म्हणलं की चेन्नईच का? पुणे-मुंबईवरनं नाही जाता येत?

येतं की. पण नकाशा बघा एकदा. अंदमान पूर्वेला बंगालच्या उपसागरात आणि आपण आधी पश्चिमेला पुण्याला जायचं, तिथनं विमानात बसून परत आपल्याच डोक्यावरनं पूर्वेला यायचं, आणि तेही बऱ्याचदा मधे चेन्नई नाहीतर हैदराबाद-बेंगळुरूला उतरून दुसरं विमान धरायचं. याउलट मुंबई-चेन्नई रेल्वे लाईन आपल्या दारातनं जाते. कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा आणि चेन्नई, साधारण सव्वाआठशे किलोमीटर, गाडीप्रमाणे पंधरा-सोळा तास. कुठली गाडी सोलापूरला मध्यरात्री लागते, कुठली सकाळी, पण चढलं, झोपलं, भाकरी खाल्ली, परत झोपलं की चेन्नई. तिथनं पोर्ट ब्लेअरला विमानानं सव्वादोन तास, आणि एका दिवसात तिकडं जाणारी विमानंही बरीच. ज्यांना जहाजानं जायचंय त्यांच्यासाठी तर चेन्नई बंदरच आहे. मुंबईहून अंदमानला जहाजच नाही.

पण हैदराबाद तर अजून जवळ आहे ना?

आहे. तीनशे किलोमीटर, हायवे चांगला, पाच-सहा तासात शमशाबादचं विमानतळ. हैदराबादहून थेट विमान तुमच्या तारखेला आणि बजेटात मिळत असेल तर खुशाल जा, मी काही चेन्नईचा एजंट नाही. माझा अनुभव एवढाच की थेट विमानं तिकडनं कमी, त्यामुळे एखादं रद्द झालं तर दुसरा पर्याय पटकन मिळत नाही, आणि चेन्नईला मिळतो. चौघं-पाच जण स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर हैदराबाद परवडेल, पण आठवडाभराचं विमानतळाचं पार्किंग धरून हिशोब करा. परतीला रात्री थकून गाडी चालवायची आहे हेही धरा.

सोलापूरच्याच होटगी रोडच्या विमानतळाचा काही उपयोग?

अंदमानसाठी सध्या तरी फार नाही. २०२५ मधे गोव्याची विमानं सुरू झाली ते चांगलंच झालं, पण गोवा पुन्हा पश्चिमेलाच. पुढेमागे थेट चेन्नई नाहीतर हैदराबाद झालं तर हा प्रश्न पुन्हा लिहीन.

चेन्नईत गाडी कुठं लागते? विमानतळ लांब आहे का?

हे नीट वाचा, आमच्यातला एक जण हितंच चुकला होता. चेन्नईत मोठी स्टेशनं दोन, सेंट्रल आणि एग्मोर. मुंबईकडनं येणारी कुठली गाडी कुठं लागते ते तिकिटावर बघून घ्यायचं. आमचा गडी मागनं दुसऱ्या गाडीनं आला आणि सेंट्रलला उतरून आमची वाट बघत बसला, आम्ही एग्मोरला त्याची. दोन्ही स्टेशनं तशी जवळच आहेत पण रात्री साडेदहाला ते कळून काय उपयोग.

दोन्हीकडनं विमानतळाला जाणं सोपं आहे. सेंट्रलला मेट्रोची निळी लाईन सरळ विमानतळाच्या आत. एग्मोरवरनं लोकल धरली तर तिरुसुलम स्टेशनला उतरायचं, ते विमानतळाच्या अगदी समोर आणि तिकीट चिल्लरमधे. एकच अडचण आहे, पोर्ट ब्लेअरची काही विमानं इतक्या पहाटे निघतात की तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते. तसं असेल तर आदल्या रात्री मीनंबक्कम-पल्लावरमच्या बाजूला लॉज घ्या, स्टेशनजवळ नको.

ट्रेन आणि विमान यात किती वेळ ठेवू? ट्रेन दुपारी पोचते, संध्याकाळचं विमान चालेल का?

नाही. एक रात्र ठेवायची म्हणजे ठेवायची. ट्रेनचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं, एक लेट झालं म्हणून दुसरा पैसे परत देत नाही. शिवाय पोर्ट ब्लेअरची विमानं बहुतेक सकाळी आणि दुपारीच असतात, त्यामुळे संध्याकाळचं काही फार मिळणारही नाही.

खरं सांगू का, लोक ही ट्रिप पुढच्या टोकाकडनं मोजतात. सोलापूर सोडलं, दिवस पहिला. माझं म्हणणं, उलटं मोजा. परतीचं विमान आधी ठरवा, त्याच्या आधीचा अख्खा दिवस कोरा ठेवा, त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, आणि त्याच्या आधी जे दिवस उरतात तेच डायव्हिंगचे. पहिल्या वेळी आम्ही उलटं न मोजता गेलो आणि त्याचीच फळं भोगली, ती खाली सांगतो.

डाईव्ह केल्यावर विमानात का बसायचं नाही?

पाण्याखाली दाब वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्या दाबाखाली आपण जी हवा घेतो त्यातला नायट्रोजन रक्तात आणि अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला वेळ लागतो. विमान वर गेलं की आतला दाब कमी होतो, केबिनमधे जवळजवळ सहा ते आठ हजार फूट उंचीवर बसल्यासारखं असतं, आणि तेव्हा अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर होतं तसं. त्याला डिकंप्रेशन सिकनेस म्हणतात, सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं, चेष्टा नाही.

नियम साधा. एकच डाईव्ह असेल तर कमीत कमी १२ तास, एका दिवसात जास्त किंवा सलग काही दिवस डाईव्ह केल्या असतील तर कमीत कमी १८ तास. बहुतेक डायव्हिंगचे दुकानवाले सरळ २४ तास सांगतात आणि मीही तेच धरतो.

आता आमची फजिती. पहिल्या वेळी आम्ही शेवटची डाईव्ह दुपारी आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताचं काढलेलं. चौघांचे पैसे भरलेले. इन्स्ट्रक्टरनं फॉर्मवर परतीची तारीख बघितली आणि सरळ सांगितलं, आज तुम्हाला पाण्यात नेणार नाही. आमच्यातला एक जण भांडायला लागला, काय बे, पैसे घेतलेस की, आमचं आम्ही बघून घेऊ म्हणून. तो शांतपणे म्हणाला, उद्याचं विमान बदला, नेतो. बदलायला किती लागतात ते बघितलं आणि आम्ही किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसलो. तेव्हा राग आलेला. आता वाटतं तो माणूस सरळ होता, पैसे घेऊन गप्प बसणारा भेटला असता तर काय.

मग चेन्नईहून ट्रेननं घरी येताना काही त्रास?

नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि तोपर्यंत दोन दिवस झालेले असतात.

दिवस कसे लावले तुम्ही दुसऱ्या वेळी?

ट्रेननं रात्री चेन्नई, मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं पोर्ट ब्लेअर आणि त्याच दिवशी दुपारच्या क्रूझनं हॅवलॉक बेट. नंतरचे तीन दिवस पाणी. त्यानंतर सकाळी परत पोर्ट ब्लेअर, तो कोरा दिवस, सेल्युलर जेल त्यात. पुढच्या सकाळी विमान, संध्याकाळी चेन्नईतनं गाडी. दारापासून दारापर्यंत आठ-नऊ दिवस. सहा दिवसांत बसवायला बघाल तर कोरा दिवस पहिला कापाल, माहीत आहे मला.

आणि हो, तो कोरा दिवस पोर्ट ब्लेअरलाच काढा, हॅवलॉकला नाही. समुद्र खवळला तर क्रूझ रद्द होतात, आणि त्या दिवशी सकाळचं विमान पोर्ट ब्लेअरला असेल तर तुम्ही बेटावरच अडकलात.

पोर्ट ब्लेअर का श्री विजयपुरम? हॅवलॉक का स्वराज द्वीप? बुकिंग करताना गोंधळ होतो.

एकच. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप डिसेंबर २०१८ मधे झालं, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम सप्टेंबर २०२४ मधे. विमानतळाला आधीपासूनच वीर सावरकरांचं नाव आहे. दुकानदार, रिक्षावाले, डायव्हिंगवाले अजून जुनीच नावं घेतात, मीही सवयीनं तीच लिहितोय. तिकिटावर दोन्हीपैकी काहीही आलं तर घाबरू नका.

जहाजानं जावं का? स्वस्त पडतं म्हणतात.

तिकीट स्वस्त पडतं, दिवस महाग पडतात. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रातनं जवळजवळ १,२०० किलोमीटर, साधारण अडीच ते तीन दिवस. महिन्यातनं मोजक्याच फेऱ्या, वेळापत्रक पक्कं कधी लागेल आणि कधी बदलेल याचा भरवसा नाही, त्यामुळे नोकरदार माणसानं रजेचा अर्ज टाकून त्याच्या मागं लागू नये. खालच्या वर्गात बंक असतात, वर केबिन. जेवण कँटीनचं. पहिला दिवस मजा वाटते, दुसऱ्या दिवसापासून चहूकडं नुसतं पाणी, उलट्या करणारे शेजारी आणि वेळ जाता जात नाही. माझे एक ओळखीचे रिटायर्ड मास्तर गेले होते, ते म्हणतात तसं सुख नाही, पण ते तीन दिवस झोपू शकतात.

एक गोष्ट मात्र जहाजाच्या बाजूनं आहे आणि ती कोणी सांगत नाही. परतीला जहाज असेल तर वरचा विमानाचा नियमच लागू होत नाही, जहाज समुद्रसपाटीवरच चालतं. शेवटच्या दिवसापर्यंत डाईव्ह करा आणि बसा. ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे त्यांनी जाताना विमान, येताना जहाज असा विचार करावा. आणि आपली सोलापुरी चादर न्या, बंकवर रात्री तिच्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ का? पोरांना तेव्हाच सुट्टी असते.

इथंच आपल्याकडचे लोक फसतात. आपला पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरला आटपतो, म्हणून आपल्याला वाटतं झालं, आता सगळीकडं कोरडं. चेन्नईचा खरा पाऊस तेव्हा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, आणि त्यातच बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नई विमानतळ कित्येक दिवस बंद होतं, धावपट्टीवर पाणी. डिसेंबर २०२३ ला मिचौंग वादळात पुन्हा बंद. म्हणजे अंदमानात ऊन पडलेलं असू शकतं आणि तुम्ही चेन्नईच्या लॉजवर टीव्ही बघत बसलेले. मधल्या गावाचं हवामानसुद्धा आपल्या ट्रिपचंच हवामान असतं.

माझं मत विचाराल तर गड्ड्याची जत्रा झाली की निघा. संक्रांत, सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजाच्या काठ्या सगळं बघून जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, चेन्नईतही हवा बरी. मार्च-एप्रिलही पाण्यासाठी उत्तम, अगदी काचेसारखं दिसतं, पण शाळेच्या परीक्षा. मे मधे पहिला आठवडा मिळाला तर बघा, पुढं पावसाचा भरवसा नाही. जून ते सप्टेंबर सोडून द्या.

दिवाळीतच जायचं असेल तर जा, पण दोन दिवस जास्त धरून आणि तिकीट रद्द करता येईल असंच काढून.

पोहता येत नाही. जमेल का?

पहिल्यांदाच्या डाईव्हला पोहता येणं सक्तीचं नाही. त्याला डिस्कव्हर स्कुबा म्हणतात, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, जास्तीत जास्त १२ मीटर, आधी उथळ पाण्यात श्वास घ्यायला आणि मास्कमधलं पाणी काढायला शिकवतात. वय कमीत कमी १० वर्षं.

माझी बायको होटगीची, विहिरीवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली, तिला काही वाटलं नाही. मेव्हणा जिममधे शंभर किलो उचलतो आणि कमरेएवढ्या पाण्यात त्याचं तोंड पांढरं पडलं. पोहण्यापेक्षा तोंडानं सावकाश श्वास घेणं आणि घाबरल्यावर वर पळत न सुटणं महत्त्वाचं. पळत वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते, म्हणून पहिला नियमच हा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. मेव्हणा दुसऱ्या दिवशी गेला खाली, आणि आता सगळ्यांना सांगत फिरतो की त्याला पहिल्याच दिवशी जमलं.

मालवणला केलंय स्कुबा. तेच ना?

मालवणला बहुतेकांनी जे केलेलं असतं ते म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोटीतनं उतरून, गाईडनं धरून काही मिनिटं खाली नेणं आणि माशांना बिस्कीट टाकून फोटो. त्याला नावं ठेवत नाही, मीही तिथंच पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं रीतसर प्रशिक्षण केंद्रही आहे. पण अंदमानात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं खाली असता, पाणी २७ ते ३० अंश कोमट, आणि पंधरा-वीस मीटर लांबचंसुद्धा स्पष्ट दिसतं. मासा पहिल्यांदा आपल्या बाजूनं बघत गेला ना, तेव्हा कळतं की आपण त्याच्या गल्लीत आलोय.

नुसती डाईव्ह करू का कोर्स?

चार दिवस हातात असतील आणि पोहता येत असेल तर कोर्स. ओपन वॉटर म्हणतात. त्यात थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाईव्ह, तीन ते चार दिवस. पोहण्याची परीक्षा असते, २०० मीटर न थांबता आणि १० मिनिटं तरंगणं. पास झालात की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जायचं सर्टिफिकेट, जगात कुठंही चालतं, आयुष्यभर. थिअरी ऑनलाईन असते, ती सोलापुरात बसूनच संपवा. मी ती चेन्नईच्या गाडीत करू म्हणलं होतं, वाडीपासून रायचूरपर्यंत नेटवर्कच नाही.

पोहण्याचा सराव महापालिकेच्या तलावात दोन महिने आधी सुरू केला तरी पुरतो.

सिलेंडरमधे ऑक्सिजन असतो ना?

नाही हो, हवा असते. आपण आत्ता घेतोय तीच, दाबून भरलेली. पेपरवाले दर वेळी ऑक्सिजन लिहितात.

चष्मा आहे, काय करू?

सॉफ्ट लेन्स घालून जाता येतं, मास्कमधे पाणी शिरलं तर डोळे मिटायचे एवढंच. नाहीतर नंबरचा मास्क मिळतो, काही दुकानात भाड्यानंही असतो, पण आधी फोन करून आपला नंबर सांगा. नंबर कमी असेल तर काहीच लागत नाही, पाण्याखाली सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं. मी माझा मास्क पुण्यातनं करून घेतला, बाकी काही विकत घ्यायची गरज नाही, सगळं तिथं मिळतं.

दमा आहे, बीपीची गोळी चालू आहे, कान दुखतो...

हे सगळं सोलापुरातनं निघायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, बेटावर नाही. तिथं गेल्यावर एक आरोग्याचा फॉर्म देतात, त्यात दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, मधुमेह असं बरंच असतं, आणि एकाला जरी हो लिहिलं तरी डॉक्टरचं पत्र मागतात. हॅवलॉकवर ते पत्र कुठं शोधणार? खोटं नाही लिहायचं बरं का, वर दुकानदाराला फसवता येतं, खाली फुप्फुसाला नाही. गरोदर बाईनं अजिबात जायचं नाही. पाळीत मात्र चालतं, हे बायकोला विचारायला लाज वाटलेल्या तिघींसाठी लिहितोय.

सर्दी हा सगळ्यात मोठा शत्रू. खाली जाताना नाक धरून कानातला दाब सारखा करावा लागतो, सर्दीनं ती वाटच बंद असते. मग कान फुटायची वेळ येते. आणि सर्दी कुठं होते? चेन्नईच्या गाडीत एसीच्या डब्यात, अंगावर वारा घेत. एसीत कानटोपी घालून झोपा, हसू द्या लोकांना. चेन्नईची मधली रात्र यासाठी पण लागते, अंग जरा जागेवर येतं.

परमिट लागतं का?

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी काही नाही, आधार किंवा कुठलंही सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा, क्रूझलाही दाखवावं लागतं. आदिवासी राखीव भागात जायला मनाई आहे, तिकडं वाट वाकडी करू नका.

मग लक्षद्वीप का नाही? तिथंही डायव्हिंग आहे.

तिथं आपल्याला पण प्रवेश परवाना लागतो, आणि दरवाजा कोची. जहाजं कोचीहून, अगत्ती बेटाचं विमानही बहुतेक जण कोचीहूनच धरतात. पाणी सुंदर आहे यात वाद नाही. पण सोलापूरहून कोची म्हणजे चेन्नईपेक्षा लांब, परवान्याची धावपळ आणि राहायला जागा कमी. पहिल्यांदा अंदमान, पुढच्या वेळी ते.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक कसं?

खाजगी क्रूझ दीड ते अडीच तास, सरकारी बोट थोडी जास्त वेळ आणि बरीच स्वस्त. सीझनला क्रूझ आधी बुक करा, विमान उतरल्यावर दोन-अडीच तासांनंतरची धरा. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, उलटी आल्यावर नाही. लक्षात ठेवा, तिथं सूर्य फार लवकर उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला अंधार, घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे डाईव्हच्या बोटी सकाळी सहा-साडेसहाला निघतात. दहाला उठणाऱ्यांनी विचार करावा.

चेन्नईत एखादा दिवस मोकळा मिळाला तर?

एग्मोरचं सरकारी म्युझियम, तिथली ब्राँझच्या मूर्तींची गॅलरी. शुक्रवारी बंद असतं. मरीनाला संध्याकाळी फिरा पण पाण्यात जाऊ नका, तिथं दरवर्षी माणसं ओढली जातात. आणि जॉर्ज टाऊनमधलं कालिकांबाळ मंदिर, बंदराच्या जवळच्या गल्लीत. १६७७ मधे दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज तिथं दर्शनाला आले होते असं मंदिरात सांगतात, चित्रही लावलंय. आम्ही तिथं मराठीत बोलतोय हे ऐकून पुजाऱ्यानं स्वतः हात धरून ते चित्र दाखवलं. डायव्हिंगच्या ट्रिपमधे हे आठवतंय बघा.

भाषेचं काय?

अंदमानात हिंदी सगळीकडं चालते. बंगाली, तमिळ, तेलुगू लोक जास्त आणि मधली भाषा हिंदीच. चेन्नईत हिंदी जेमतेम, मोडकं इंग्रजी चालतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा तेलुगू बोलणारा दोस्त बरोबर असेल तर सोन्याहून पिवळं, रेणिगुंट्याला गाडी अडली तेव्हा काय झालंय ते आमच्याला पाच मिनिटांत कळलं, बाकी डबा अंधारात.

खर्च किती?

दुसऱ्या वेळी आम्हाला माणशी पंचेचाळीस हजारांच्या आसपास पडले, साधं राहून, त्यात दोन-दोन बोट डाईव्ह. कोर्स केलात तर त्याचेच तीस-पस्तीस हजार वेगळे. विमानाचं भाडं सगळ्यात जास्त हलतं. ट्रेनचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा, सोलापूरहून वेटिंग पटकन लागतं.

सगळ्यात स्वस्त दुकान शोधू नका. एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण नेता ते विचारा, नवख्याला एकास एक म्हणाले तरच.

नेटवर्क, पैसे?

चेन्नईहून समुद्राखालनं टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मधे सुरू झाली, तेव्हापासून बरंच सुधारलंय. तरी हॅवलॉकवर एटीएम मोजकेच आणि कधी रिकामे, फोनवरनं पैसे कधी जातात कधी नाही. चार-पाच हजार रोख पोर्ट ब्लेअरलाच काढा.

बरोबर खायला काय न्यावं?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी, विषय संपला. आठ दिवस काही होत नाही. ओली चटणी आणि लोणचं हातातल्या बॅगेत नको, सिक्युरिटीला अडवतात. सुकं खोबरं तर घेऊच नका, तेलकट असतं, पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही. बायकोच्या चटणीच्या डब्यातली एक वाटी खोबरं चेन्नई विमानतळाच्या टोपलीत गेलं. डाईव्हच्या आधी मात्र हलकं खा, आदल्या रात्री दारू नको. आमच्या इन्स्ट्रक्टरनं शेंगाचटणी चाखली आणि दुसऱ्या दिवशी डबाच मागितला.

आठवण म्हणून शंख-शिंपले, पोवळं आणलं तर चालतं का?

मेलेलं पोवळंसुद्धा उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे आणि पोर्ट ब्लेअर विमानतळावर बॅगा तपासतात. पाण्याखालीही हात लावायचा नाही, एक बोट लागलं तरी जे वाढायला वर्षं लागलीत ते मरतं. दुकानातनं शंख-शिंपले घेतलेत तर पावती जपून ठेवा.

आई-वडिलांना नेलं तर ते काय करणार?

माझ्या आईला नेणार आहे पुढच्या वेळी, म्हणून मीच चौकशी केली. पाण्यात नाही उतरायचं त्यांना, काचेच्या तळाची बोट आहे, राधानगरचा किनारा आहे, आणि सेल्युलर जेल आहे. सावरकरांची कोठडी बघायची म्हणून ती तयार झालीये, १९११ ते १९२१ दहा वर्षं त्या भिंतीत, हे तिनं मलाच सांगितलं. जेलचा दिवस आपला कोरा दिवसच आहे, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. फक्त चेन्नईच्या गाडीत तिला खालचा बर्थ मिळवायचाय.